भाडं कमी करा म्हणू नका, हिशेब पुढे ठेवा



घरगुती व्यवसायाचं भांडवल म्हटलं की आपण मिक्सर, शिलाई मशीन, ओव्हन मोजतो. ज्या घरात बसून धंदा करतो ते घर कुणी मोजत नाही. ते भाड्याचं असेल, तर दर महिन्याच्या एक तारखेला आठवण येते तेवढीच. आणि मग एक दिवस भिंतीला ओल दिसायला लागते.

मागच्या महिन्यात एका ताईंचा फोन आला. पुण्यात भाड्याच्या वन बीएचकेमधून त्या डबे करतात, रोजचे बावीस-पंचवीस. त्यांच्या बाथरूमचं पाणी खालच्या मजल्यावर उतरतंय, खालचे लोक रोज बेल वाजवतात. प्लंबर येऊन गेला. त्याचं म्हणणं, वरवरची डागडुजी चालणार नाही, बाथरूमची फरशी आणि कोबा पूर्ण काढावा लागेल. शिवाय किचनच्या सिंकची लाईन त्याच भिंतीतून गेलीय, म्हणजे तीही भिंत फोडायची. दहा-बारा दिवसांचं काम. भाडं अठरा हजार.

घरमालक म्हणतात, "काम माझ्या खर्चाने करून देतोय ना? मग भाडं पूर्ण द्या." ताईंचे मिस्टर म्हणतात, "या महिन्याचं भाडंच देऊ नकोस, बघू काय करतात ते." आणि ताई मला विचारतात, "सर, किती कापू?"

माझं मत स्पष्ट सांगतो. घरमालक चुकतायत, आणि मिस्टरसुद्धा. दुरुस्ती करून देणं हे मालकाचं उपकार नाही, ती त्याच्या मालमत्तेची देखभाल आहे. उद्या तुम्ही निघून गेलात तरी नवीन कोबा त्याच्याच घरात राहणार. दुसरीकडे, भाडं हा वापराचा मोबदला आहे. जेवढा वापर थांबला तेवढंच भाडं थांबायला पाहिजे. रागाचं भाडं, मनस्तापाचं भाडं असं काही नसतं. म्हणून "किती कापू" हा प्रश्नच मला खटकला. कापायचं नाही. मांडायचं, आणि तेही पहिली टाईल फुटायच्या आधी.

मी स्वतः काय केलं होतं

हे शहाणपण मला आधीपासून होतं असं समजू नका. मी सुरुवातीला एका भाड्याच्या फ्लॅटमध्ये क्लास घ्यायचो. पुढच्या हॉलमध्ये बेंच, मागच्या खोलीत मी. एका पावसाळ्यात हॉलचं छत गळायला लागलं. बादल्या ठेवून शिकवलं. घरमालकांना दोनदा फोन केला, ते "बघतो, बघतो" म्हणाले. मला राग आला आणि पुढच्या महिन्यात मी पाच हजार कमी पाठवले. काही न सांगता. ना मेसेज, ना फोटो, ना हिशेब.

काका काहीच बोलले नाहीत. मला वाटलं, जिंकलो. गळती दसऱ्याला बंद करून दिली त्यांनी. आणि ॲग्रीमेंट संपायला महिना उरला असताना शांतपणे म्हणाले, "आम्हाला यंदा वाढवायचं नाहीये." बस. टेम्पो, नवीन दलाली, नवीन डिपॉझिटसाठी घेतलेले हातउसने पैसे, आणि जागा लांब गेली म्हणून गळालेली मुलं. हिशेब केला तेव्हा पाच हजारांपायी चाळीसेक हजार गेले होते. काका वाईट नव्हते हो. त्यांच्या दृष्टीने मी न विचारता पैसे कापणारा भाडेकरू होतो, आणि असा भाडेकरू मीही ठेवला नसता.

म्हणून डबेवाल्या ताईंना मी पहिलं वाक्य हेच सांगितलं की भाडं एक तारखेला पूर्ण द्या, आणि सवलतीचं बोलणं त्याआधी करा. ठरलं तर पुढच्या भाड्यात वळतं करून घ्या.

कायदा तुमच्या बाजूने आहे का? आधी कागद बघा

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. व्हॉट्सॲपवर फिरतं की "महाराष्ट्रात मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून भाड्यातून वजा करू शकतो." हे खरं आहे, पण सगळ्यांसाठी नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999. त्याचं कलम 14 सांगतं की वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं घरमालकाचं काम आहे. त्याने टाळाटाळ केली, तर भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची. तरीही वाजवी वेळेत काम झालं नाही, तर स्वतः दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करता येतो. पण एका वर्षात त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशपेक्षा जास्त नाही. म्हणजे 18 हजार महिना असेल, वर्षाचे 2 लाख 16 हजार, तर जास्तीत जास्त 54 हजार. बिलं आणि पावत्या मात्र पाहिजेत.

आता मेख ऐका. हे आहे "भाडेकरू"साठी. आपण आजकाल अकरा महिन्यांचं जे करतो ते लिव्ह अँड लायसन्स. त्यात तुम्ही कायद्याच्या भाषेत भाडेकरू नाही, लायसन्सी आहात. तुम्हाला जागा वापरायची परवानगी आहे, जागेत हक्क नाही. मुदत संपली की जागा सोडायची, नाहीतर दुप्पट रक्कम मागता येते मालकाला. त्यामुळे कलम 14 चं हत्यार उपसून भाडं कापायला जाल तर तोंडावर पडाल. लायसन्सीचं संरक्षण म्हणजे त्याचं ॲग्रीमेंट. त्यात दुरुस्तीबद्दल जे लिहिलंय तेच तुमच्या कामाचं.

आणि तिथे काय लिहिलेलं असतं? बहुतेकदा एवढंच की जागा जशी मिळाली तशी ठेवीन, नेहमीची झीज सोडून. मोठी दुरुस्ती निघाली तर कोण करणार, तोपर्यंत भाड्याचं काय, यावर अवाक्षर नाही. एजंट नेहमीचा मसुदा उघडतो, नावं आणि आकडे बदलतो, दोघांचे अंगठे घेतो आणि पुढच्या घरी जातो.

एक गोष्ट मात्र दोघांनाही लागू. ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं असलं तरी महाराष्ट्रात त्याची नोंदणी करावीच लागते, कलम 55 प्रमाणे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे. "अकरा महिन्याला रजिस्ट्रेशन लागत नाही" हे जे ऐकता ते आपल्याकडे चालत नाही. नोंदणी नसेल तर अटींबद्दल जागा घेणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, मालकाने वेगळं सिद्ध करेपर्यंत. हे वाचणारे घरमालक असाल तर जरा लक्षात घ्या.

वाद कोर्टापर्यंत जाण्याइतका वाढला असेल तर वकिलाकडे जा, माझ्या ब्लॉगवर विसंबू नका. पण दहापैकी नऊ प्रकरणं तिथवर जायची गरज नसते. ती आकड्यांअभावी अडलेली असतात.

आता आकडे

अठरा हजार भागिले तीस, रोजचे 600. इथपर्यंत सोपं.

पुढे लोक चौरस फूट मोजायला लागतात. बाथरूम तीस-पस्तीस फुटांचं, घर साडेचारशेचं, म्हणजे आठ टक्के सूट. हे गणित मालकाला आवडेल, पण त्याला अर्थ नाही. घरात एकच संडास-बाथरूम असेल आणि तेच बंद असेल, तर उरलेलं घर म्हणजे सामान ठेवायची खोली. फूट मोजू नका, काय करता येत नाही ते मोजा.

ताईंच्या घरी बाथरूम सहा दिवस बंद राहणार होतं. तोडफोड, पाईप, कोबा, वॉटरप्रूफिंगचा लेप, मग पाणी भरून ठेवून खाली झिरपतंय का ते बघायचं, आणि मग टाईल्स. किचनचा ओटा आणि सिंक एकूण दहा दिवस बंद, त्यातले सहा बाथरूमसोबतचे.

पहिल्या सहा दिवसांत घर राहण्याजोगं नाही. मग पूर्ण भाडं माफ? घरमालक म्हणेल, सामान तर आतच आहे, कुलूप तुमचंच आहे. बरोबर आहे त्याचं. म्हणून मी पाऊण भाग धरतो. 450 गुणिले 6, झाले 2,700. उरलेले चार दिवस फक्त किचन नाही, राहता येतंय. तिथे एक तृतीयांश, 200 गुणिले 4, म्हणजे 800. एकूण साडेतीन हजार. पाऊण आणि एक तृतीयांश हे काही सरकारी दर नाहीत, माझा अंदाज आहे. तुम्ही वेगळे धरा. पण जे धराल त्याचं कारण एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आणि पहिल्या सहा दिवसांचं किचन वेगळं लावून पुन्हा मोजू नका. समोरच्याला एकच चूक सापडली की सगळा हिशेब खोटा ठरतो.

ताई म्हणाल्या, "फक्त साडेतीन? मला वाटलं अर्धं भाडं तरी सुटेल." वाटणं आणि बसणं यात फरक असतो, ताई.

त्यांच्या घरमालकांनी पुढे एक वेगळा प्रस्ताव ठेवला. आत्ता पैसे कमी करत नाही, पण पुढच्या ॲग्रीमेंटला पाच टक्के वाढ करणार होतो ती करणार नाही. ताईंना ते टाळल्यासारखं वाटलं, त्या नाही म्हणणार होत्या. मी म्हटलं, थांबा. अठरा हजाराचे पाच टक्के 900. अकरा महिन्यांचे 9,900! काकांनी साडेतीन हजार वाचवायला दहा हजारांची सूट देऊ केली होती, कारण ती आज खिशातून जात नव्हती.

आता इथे मी काय सल्ला दिला ते काहींना पटणार नाही. मी ताईंना म्हटलं की हा हिशेब काकांनाही दाखवा. बरोबरीचा सौदा करायचा तर वाढ 900 ऐवजी 600 करा, महिन्याला 300 सुटले, अकरा महिन्यांत 3,300. हिशेब दाखवूनही काका शून्य वाढीवर ठाम राहिले तर आनंदाने घ्या. न दाखवता घेतलंत आणि त्यांना नंतर कुणी भाच्याने समजावून सांगितलं, तर पुढच्या वर्षी ते तुमच्याकडून वसूल करतील. ज्या घरात तुमचा धंदा चालतो त्या घरमालकाशी एकदाच सौदा होत नाही, दर अकरा महिन्यांनी होतो.

"डब्यांचं नुकसान कोण देणार?"

हा पुढचा प्रश्न, आणि सगळ्यात नाजूक. दहा दिवस डबे बंद म्हणजे ताईंचं नुकसान भाड्याच्या सवलतीपेक्षा कितीतरी जास्त. ते मालकाकडे मागावं का?

माझं उत्तर आहे, नाही. एक तर त्याने तुम्हाला घर दिलंय, चालू धंदा दिलेला नाही. आणि दुसरं म्हणजे जाऊन ॲग्रीमेंट वाचा. बहुतेक ठिकाणी "फक्त राहण्यासाठी" असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुम्ही "माझ्या धंद्याचं नुकसान झालं" असं लेखी पाठवलंत की अट मोडल्याचा पुरावा तुम्हीच हातात दिलात. बरेच मालक कानाडोळा करतात, पण त्यांना डोळे उघडायला आपण का लावायचं? खरं तर नवीन ॲग्रीमेंटच्या वेळी मालकाला आणि सोसायटीला विचारून घरगुती व्यवसायाची परवानगी लिहून घ्यावी. अवघड आहे, पण ती मिळाली की निम्मी भीती जाते.

नुकसान भरून मागता येत नाही, पण कमी करता येतं. त्यासाठी पैशांपेक्षा तारीख मागा. एप्रिल-मे मध्ये काम निघालं तर वाळायला ऊन मिळतं. फराळाच्या ऑर्डरच्या तोंडावर कुणी भिंत फोडू नये. ताईंनी तारीख मागून घेतली. शाळा-कॉलेजला सुट्ट्या, पोरं गावाला, डबे तसेही निम्म्यावर. उरलेल्यांसाठी त्यांनी एका मैत्रिणीचं किचन दहा दिवस घेतलं, गॅस आणि वर दिवसाला ठरावीक रक्कम देऊन. गिराईकांना आठ दिवस आधी कळवलं. एकही डबा तुटला नाही. साडेतीन हजारांच्या सवलतीत जेवढं मिळालं नसतं तेवढं एका तारखेत मिळालं.

दोन सापळे

एक. "दोन हजार कमी द्या, पण दुरुस्तीचं नाव काढू नका." ऐकायला गोड. अकरा महिन्यांचे बावीस हजार होतात. पण ओल तशीच, बुरशी तशीच, वायरिंगमध्ये पाणी जाण्याची भीती तशीच. आणि तुम्ही खाण्याचा व्यवसाय करत असाल तर ओल्या भिंतीला टेकलेल्या ओट्यावर कणीक मळणार का? सवलत ही दुरुस्ती होईपर्यंतची असावी, दुरुस्तीऐवजीची नाही. घरमालकांनीही सवलतीला शेवटची तारीख लावावी, नाहीतर तेच कायमचं भाडं होऊन बसतं.

दोन. काम झाल्यावर "नवीन टाईल्स बसवल्या, आता हजार वाढवा." फुटलेलं होतं ते नीट केलं, तर ती दुरुस्ती. तुम्ही आधीही चालू बाथरूमचंच भाडं देत होता. मुदतीच्या मध्ये त्यासाठी वाढ नाही. हां, गिझर नव्हता आणि बसवून दिला, मॉड्युलर किचन करून दिलं, तर ती नवीन सोय. तिचं बोलणं पुढच्या ॲग्रीमेंटला करा, आणि हवीच आहे का तेही आधी सांगा.

गळती नक्की कुठून येतेय हेही बघा. वरच्या घराच्या बाथरूममधून येत असेल तर वरचे आणि तुमचे मालक यांच्यात बोलणं. गच्चीतून, किंवा बाहेरच्या सामाईक पाईपमधून येत असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे ते सोसायटीचं काम. सोसायटीला पत्र मालकाने द्यायचं असतं, सभासद तो आहे. तुम्ही फक्त फोटो देऊन त्याला पत्र लिहायला बसवा. मसुदा तुम्हीच करून द्या, लवकर होतं.

आणि छताचं प्लास्टर पडून सळ्या दिसत असतील, तर भाड्याचं बोलणं बाजूला ठेवा. तिथे सवलत मागायची नसते, मुलांना घेऊन आधी बाहेर पडायचं असतं. स्ट्रक्चरल ऑडिट, सोसायटी, महापालिका हे त्यानंतर.

मेसेज कसा लिहायचा

फोनवर बोला, समोर बसून चहा घ्या, सगळं करा. पण त्याच दिवशी लिहून पाठवा. ताईंनी पाठवलेला मेसेज असा होता, नावं काढून देतो:

"नमस्कार काका. आज आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे लिहून ठेवते. बाथरूम आणि किचनच्या भिंतीचं काम 5 मेपासून सुरू होईल. खर्च आपला. बाथरूम अंदाजे 6 दिवस आणि किचन एकूण 10 दिवस बंद राहील. त्या काळाची सवलत म्हणून जूनच्या भाड्यात 3,500 रुपये कमी करायचे ठरले, म्हणजे जूनचं भाडं 14,500. जुलैपासून नेहमीप्रमाणे 18,000. काम दिवस वाढलं तर वाढलेल्या दिवसांचा हिशेब याच दराने. राडारोडा ठेकेदार उचलून नेईल. कामाआधीचे फोटो सोबत पाठवतेय. काही चुकलं असेल तर सांगा, नाहीतर 'ठीक आहे' एवढं कळवा."

काकांनी अंगठा पाठवला. मी ताईंना म्हटलं, अंगठा नको, शब्दात घ्या. मग "ठीक आहे" आलं.

त्यातलं "काम दिवस वाढलं तर" हे वाक्य मी मुद्दाम घालायला लावलं होतं. गवंड्याचे दहा दिवस म्हणजे कॅलेंडरचे किती, हे तुम्हाला माहितीच आहे. इथे तेरा झाले. किचन तीन दिवस जास्त बंद राहिलं, 200 प्रमाणे 600. ताईंनी विचारायच्या आधी काकांचाच मेसेज आला, "जूनचे 13,900 द्या."

नवीन ॲग्रीमेंट सप्टेंबरमध्ये आहे. त्यात दुरुस्तीचं एक कलम घालायचं दोघांनी ठरवलंय. मसुदा माझ्याकडे आलाय, पुढच्या व्हिडिओत तो ओळ न् ओळ वाचून दाखवतो.